प्रवासाचा डबा आणि अडकलेली वाफ

महोदय,

उन्हाळी सुट्टीच्या गाड्या भरू लागल्या आहेत, म्हणून प्रवासातील शिदोरीविषयी थोडे लिहितो. पुण्याहून जम्मूपर्यंतच्या प्रवासाला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि साध्या शयनयान डब्यात एप्रिल-मेचा पारा सहज ४० अंशांवर जातो. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नातील जिवाणू झपाट्याने वाढतात, हे लक्षात घेतले तर डब्यात काय भरावे यापेक्षा ते कसे भरावे हा प्रश्न मोठा ठरतो.

गेल्या वर्षी घाईत मी गरम पोळ्या तशाच स्टीलच्या डब्यात कोंबल्या. दुपारी झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतून थेंब ठिबकत होते, खालच्या चार पोळ्यांचा लगदा झाला होता आणि सोबतच्या बटाट्याच्या भाजीला तार सुटली होती. चूक अर्थातच माझी. आमची आजी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या सुती फडक्यावर पूर्ण निवू देत असे, मगच त्या बांधत असे. सोबत लसणाची कोरडी चटणी, मेतकूट आणि गूळपापडी. ओले खोबरे, कांदा आणि शिजवलेला भात ती पहिल्या जेवणापुरताच घेई. भाताबाबत तिचे धोरण विशेष शहाणपणाचे होते, कारण त्यातील काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

चटणीत मात्र ओला चमचा घालू नये, एवढे घरातील मुलांना आधीच बजावून ठेवावे.

आपला,
एक वाचक, पुणे