ते निवेदन माझ्याच अक्षरात होते

फोंडा, गोवा
20 ऑगस्ट 2024

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीला तुझा फोन आला होता. ‘सावकाश बोलू’ असे म्हणून मी तो ठेवला आणि त्यानंतर नऊ महिने तुला एक ओळही पाठवली नाही. रागवला असशील तर ते योग्यच आहे. इकडे सारे ठीक आहे. माझी साखर गोळ्यांवर आहे, सुमनला जूनमध्ये न्यूमोनिया झाला होता, आता ती हिंडूफिरू लागली आहे. गेल्या आठवड्यात एक प्रसंग घडला. गावात कोणाला सांगितला तर ‘एवढ्यातेवढ्यावरून काय’ असे म्हणतील, पण तुला तो अर्ध्या शब्दात कळेल, म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे.

वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला गेलो होतो. सुमनच्या दुखण्यानंतर गर्दीत मास्क लावायला डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितले आहे, त्यामुळे तो लावूनच दर्शनाच्या रांगेत उभा होतो. मागून खांद्यावर थाप पडली. वळून पाहतो तो आपला नारायण. ‘मास्तर, तुजो कोरोना अजून वचूंक ना रे?’ (तुझा कोरोना अजून गेला नाही का रे?) असे म्हणून तो मोठ्याने हसला, आजूबाजूचे चारजण हसले, आणि हसता हसताच त्याने माझ्या कानावरची दोरी ओढली. मास्क दुसऱ्या कानाला लोंबत राहिला. मी तो पुन्हा वर चढवायला हवा होता, पण चढवला नाही. घडी करून खिशात घातला, त्याच्याबरोबर हसलो आणि तसाच पुढे जाऊन देवाला हात जोडले. घरी सुमन वाट पाहत बसलेली आहे हे माहीत असूनही चार अनोळखी माणसांच्या हसण्यापुढे माझे काही चालले नाही, ही गोष्ट गेले आठ दिवस मनातून जात नाही.

त्या सप्ताहाची कथा आपण तुझ्या आजीच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वास्कोत साथ आली, घरोघरी माणसे दगावू लागली, तेव्हा तिथले लोक जांबावलीला दामोदराला शरण गेले आणि तिथून आणलेला नारळ ठेवून त्यांनी अखंड भजन आरंभले. साथीच्या धास्तीतून जन्मलेल्या त्या उत्सवात, आत पथकामागून पथक भजनाला बसत असताना, तोंड झाकलेल्या माणसाची थट्टा होते आहे हे मला पाहावले नाही. 2020 साली तिथे सप्ताहाची फेरी, म्हणजे दुकानांची जत्रा, भरली नव्हती. जूनमध्ये साथीमुळे वास्कोतला मांगोर हिलचा भाग बंद केल्यापासून ‘वास्कोचा’ म्हटले की माणसे चार पावले मागे सरत होती. नारायणाची सख्खी बहीण वास्कोला दिलेली; त्या वर्षी चवथीला तिने माहेरी येऊ नये, असा निरोप त्यानेच पाठवला होता. परवा तो तिच्याच घरी उतरून सप्ताहाला आला होता.

आणि त्या वर्षी गावचा रस्ता अडवायला फणसाचा ओंडका वळणावर आडवा टाकला तोही नारायणानेच. ओंडक्याचे नाव काढले की तू फोन ठेवतोस, हे मला ठाऊक आहे. या वेळी पत्र आहे, तेव्हा पुढे वाच.

त्या एप्रिलमध्ये साऱ्या गोव्यात मिळून सात रुग्ण होते आणि तेही बरे होऊन घरी गेले. दोन्ही जिल्हे हिरव्या क्षेत्रात धरले गेले. आपल्या गावात तर एकही नव्हता. तेव्हा आपण रस्ता अडवला, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, वाड्याबाहेर थांबवले, पाव पुन्हा तव्यावर भाजून खाल्ले, नोटांवर इस्त्री फिरवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात गोव्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी जवळजवळ एक बाधित निघत होता, प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता, आणि त्याच्या दोन-तीन आठवडे आधी आपल्याच वाड्यावर नारायणाच्या पुतणीच्या लग्नात पंक्तीमागून पंक्ती उठत होत्या. मीही जेवलो. मास्क हनुवटीखाली होता. धोका नव्हता तेव्हा आपण भिंती बांधल्या आणि धोका दारात आला तेव्हा मांडव घातला, याचा उलगडा मी तेव्हापासून शोधतो आहे.

मला वाटते, पहिल्या वर्षीची बंधने आपल्याला आवडली, कारण ती दुसऱ्यावर घालायची होती. मुंबईकराला अडवा, पुणेकराला अडवा, ट्रकवाल्याला चहा देऊ नका. दुसऱ्या वर्षी जे करायचे होते ते स्वतःच्या तोंडाला, स्वतःच्या पंक्तीला, स्वतःच्या भावकीला लावून घ्यायचे होते, आणि तिथे आपण सारे ढिले पडलो. साधा कापडी मास्क मुख्यतः लावणाऱ्याच्याच तोंडातले तुषार अडवतो, म्हणजे तो समोरच्यासाठी लावायचा असतो, हे आपल्याला कोणी समजावलेच नाही. दंडाची पावती फाडणारा पोलीस दिसला की वर करायची वस्तू, एवढीच त्याची ओळख आपल्याला झाली.

तू फोनवर म्हणाला होतास, ‘तुम्हाला रोगाची भीती नाही, माणसांची आहे.’ मी चिडून तुला वाटेल ते बोललो. ते तुझे वाक्य मी आज मान्य करतो. त्याच दमात तू सगळे नियमच थोतांड ठरवलेस, ते मात्र मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. दीड कोटी नव्हे, पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचे आपले राज्य, त्यात चार हजारांच्या घरात माणसे गेली. लस नसती तर हा आकडा कुठे जाऊन थांबला असता, याचा विचार कर. (शाळेत देवी टोचणारे आले की खिडकीतून उडी टाकून काजूच्या झाडावर चढणारा मुलगा लशीवर किती विश्वास ठेवणार, असे सुमन म्हणते. आजही तुझ्या दंडावर व्रण आहे की नाही ते मला माहीत नाही; माझ्या आहे.) लशीच्या वेळी आपल्या मावशीने दार लावून घेतले होते. आरोग्य केंद्रातली नर्स तीन वेळा परत गेली, चौथ्या वेळी सोप्यावर बसून तिने मावशीकडून कढीपत्त्याचे रोप मागून घेतले, स्वतःच्या दंडावरची सुईची जागा दाखवली आणि ‘दोन दिवस अंग दुखेल, मी येऊन बघून जाईन’ असे सांगितले. मावशीने हात पुढे केला. नर्स खरोखरच दोन दिवसांनी येऊन गेली.

लग्नानंतर नवव्या दिवशी सदाला ताप आला हे तुला माहीत आहे. नारायणाचा मोठा भाऊ, आपल्याला नदीत पोहायला शिकवणारा. बंद पिशवीतला देह थेट स्मशानात आणला. आम्ही चौघे लांब उभे होतो, वाड्यावरच्या खिडक्या लावलेल्या होत्या. परवा रात्री झोप येईना तेव्हा माझ्या ध्यानात आले की नारायण माझ्या मास्कला हसतो याचे कारण सदा आहे. त्या कापडाच्या तुकड्याला किंमत आहे असे एकदा मानले, की त्या लग्नाच्या जेवणाचा हिशेब त्याला स्वतःशी मांडावा लागतो, आणि तो त्याला झेपणारा नाही. हे कळल्यापासून माझा त्याच्यावरचा राग गेला. पण मग माझ्या हिशेबाचे काय, हा प्रश्न समोर उभा राहिला, आणि खरे म्हणजे त्यासाठीच हे पत्र आहे.

मे 2020 च्या अखेरीस तू पत्रादेवीच्या सीमेवरच्या नाक्यावर पास दाखवून, नमुना देऊन, हातावर शिक्का घेऊन आलास. घरातच चौदा दिवस वेगळे राहण्याची तुला रीतसर परवानगी होती. तरी तुला वळणावरून परत फिरावे लागले, आणि मामाच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पंपाच्या खोलीत तू ते दिवस काढलेस. त्याच्या आदल्या दिवशी ‘बाहेरून येणाऱ्या कोणासही गावात प्रवेश देऊ नये’ असे निवेदन मामलेदार कचेरीत गेले होते. त्याखाली बेचाळीस सह्या होत्या. तुझा समज आहे की ते पंचाने लिहिले. दत्ता, ते मी लिहिले. ‘मास्तरांचे मराठी चांगले’ म्हणून माझ्याकडे कागद आणला गेला, आणि तू निघाला आहेस हे ठाऊक असताना मी तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला. तीस वर्षे मी मुलांना 1897 चा पुण्याचा प्लेग शिकवला. घराघरांत शिरणारे सैनिक, लोकांची चीड, रँडचा खून, हे सारे सांगताना माझा आवाज चढत असे. त्या दिवशी वळणावर पलीकडे तू उभा होतास आणि अलीकडे, गर्दीच्या मागच्या बाजूला, मी होतो.

तुझी आई रोज सकाळी कुळागरात यायची. कुंपणाच्या वईजवळच्या चिऱ्यावर पेजेचे भांडे ठेवायची, दहा पावले मागे जाऊन उभी राहायची, तू जेवून भांडे विसळून पालथे घालीपर्यंत तिथेच थांबायची आणि मग ते पदरात धरून न्यायची. शासनाने सांगितलेले अंतर तिने पाळले. हे मी आमच्या माडीवरून रोज पाहत होतो आणि एकदाही खाली उतरलो नाही.

नारायणाला काही बोलावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुला काय वाटते ते कळव. माझ्याबद्दल जे वाटेल तेही सरळ लिही.

मुलीला नोकरी लागल्याचे तुझ्या भावाकडून कळले, तिला आशीर्वाद. वहिनींची बदली झाली का? नव्या घराचा पत्ता पाठव. चवथ 7 सप्टेंबरला आहे. आईला तुम्ही चौघेही हवे आहात, हे तिने स्वतः मला सांगितले. येणार असाल तर आदल्या दिवशीच या, फोंड्याच्या बाजारातून गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान आपण दोघे मिळून आणू. सुमनसाठी मी मास्क लावलेला असेल.

तुझा,
विठ्ठल