तपकीर गल्लीतील काकांस जाहीर आभारपत्र

पुणे

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

आभार मानण्यासाठी मी तुमच्या संगणक-दुरुस्तीच्या गाळ्यावर दोनदा आलो आणि दोन्ही वेळा तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझ्यासारखा जुना, चिमुकला लॅपटॉप जपून ठेवणारे आणखी कोणी असतील, तर त्यांनाही तुम्ही केलेल्या कामाचा तपशील उपयोगी पडेल, असाही हेतू आहे.

माझे यंत्र म्हणजे २००७ साली बाजारात आलेला आसूसचा ईई पीसी ७०१. सात इंचांचा पडदा, वजन किलोच्या आतच. मी मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करतो, आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाताना ते शबनममध्ये वह्यांच्या शेजारी सहज बसते. मुलाने घेऊन दिलेला मोठा लॅपटॉप त्यामुळे घरीच राहतो. मात्र ५१२ एमबी रॅमवर (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीवर) लिबरऑफिस हे लेखनाचे सॉफ्टवेअर आणि एखाद्या कागदाचे छायाचित्र एकत्र उघडले, की यंत्राचा जीव मेटाकुटीला येई. ‘राजश्रिया विराजित’ एवढे टाइप करून मी मूळ कागदाकडे पाहून परत येईपर्यंत पडद्यावर ‘राजश्रि’च उमटलेले असे आणि उरलेली अक्षरे मागाहून घोळक्याने येत.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी एका दुकानात गेलो होतो. तेथे प्रोसेसर बदलण्याचे साडेतीन हजार सांगितले, यंत्र आठ दिवस ठेवून जा म्हणाले, आणि दोन जीबीची रॅम तेवढी लगेच हाती दिली. ती घरी बसवायला गेलो तर खाचेत बसेना. तुम्ही ती नुसती पाहूनच “ही डीडीआर-३ आहे, तुमच्या यंत्राला डीडीआर-२, म्हणजे आधीच्या पिढीची लागते” असे सांगितलेत, आणि दोन्ही प्रकारच्या पट्ट्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवून मधली खाच कशी वेगळ्या जागी असते आणि २०० पिनांऐवजी २०४ पिना कशा असतात, ते दाखवलेत. जोर लावून बसवली नाही, हे नशीबच.

त्यानंतर तुम्ही जे केलेत, त्यासाठी मी खरा ऋणी आहे. तुम्ही कीबोर्ड उचललात, खालचा पत्रा काढलात आणि भिंग माझ्या हाती देऊन प्रोसेसर दाखवलात. तो इंटेलचा सेलेरॉन एम ३५३. त्याला सॉकेट, म्हणजे काढ-घाल करता येईल अशी बैठक, नाही. तो मदरबोर्डवरच सोल्डर केलेला आहे, त्यामुळे रॅमसारखा काढून दुसरा बसवण्याचा प्रश्नच येत नाही. तो बदलून देतो म्हणणारा एकतर थाप मारतो आहे, नाहीतर यंत्र मारून परत देईल, हे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. त्या साडेतीन हजारांवर तुम्हालाही पाणी सोडावे लागले, आणि ते तुम्ही चेहऱ्यावर काहीही न दाखवता सोडलेत.

पण याच प्रोसेसरची मूळ गती ९०० मेगाहर्ट्झ आहे आणि कंपनीने तो ६३० वरच चालवला आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. बस म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या यंत्रातला माहितीचा मार्ग; तिची गती गुणिले नऊ म्हणजे प्रोसेसरची गती. बस १०० ऐवजी ७० वर ठेवलेली, म्हणून ६३०, असा हिशेब तुम्ही बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलात. ही गती वाढवणारे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा छोटा प्रोग्रॅम) जुन्या काळातले; ते नव्या कर्नलवर चालावे म्हणून तुमच्या मुलीने दोन संध्याकाळी घालवल्या. तिलाही माझे धन्यवाद सांगा. एकदम उडी न मारता गती पायरीपायरीने चढवायची, ही तिची सूचना मी वहीत लिहून ठेवली आहे.

रॅमचे काम त्या मानाने लहान. तळाच्या झाकणाचे दोन स्क्रू, एकच खाच, आणि तिच्यात कमाल दोन जीबी. यंत्राबरोबर आलेल्या झँड्रॉस लिनक्स या कार्यप्रणालीला त्यातली एकच जीबी दिसत होती, म्हणून तुम्ही एसडी कार्डावर ३२-बिटी डेबियन १२ हे दुसरे, नवे लिनक्स घालून दिलेत; आतली चार जीबीची डिस्क तशीही अपुरीच होती. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवलात. मजुरी घेतली नाहीत, फक्त रॅमचे साडेचारशे घेतलेत आणि जुनी ५१२ ची पट्टी रिकाम्या आगपेटीत घालून परत दिलीत.

आता अक्षरे बोटांबरोबर उमटतात. ९०० वर पंखा जास्त फिरतो आणि बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे मंडळात मी ६३० वरच काम करतो. घरी चार्जर लावला की वेग वाढवतो. खरा फरक रॅमनेच पडला आहे, असे माझे मत. तुमच्या मुलीला ते पटणार नाही.

येत्या बुधवारी पुन्हा येत आहे. चार्जरची पिन सैल झाली आहे. या वेळी मजुरी घ्यावी लागेल, हे आधीच लिहून ठेवतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
आगपेटीवाला गिऱ्हाईक