पुराच्या छायाचित्रांत माणसाचा हात कुठे दिसतो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा मध्यावर आला की आपल्या दैनिकाच्या, आणि खरे तर मराठीतल्या बहुतेक सर्वच दैनिकांच्या पहिल्या पानावर धरणाच्या सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे मोठे छायाचित्र येते आणि त्याखाली ‘निसर्गाचे रौद्ररूप’ किंवा ‘कृष्णामाई कोपली’ अशा धाटणीची एखादी ओळ असते. छायाचित्र बहुधा उत्तम असते आणि ते काढण्यासाठी कोणीतरी भर पावसात तासन् तास उभे राहिलेले असते, याची मला जाणीव आहे. माझी तक्रार आहे ती त्याखालच्या ओळीबद्दल. कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून बाहेर पडणारे पाणी पावसाचे असले, तरी ते त्याच दिवशी, त्याच वेळी आणि तेवढ्याच प्रमाणात बाहेर पडते, कारण कोणीतरी तसा निर्णय घेतलेला असतो. पाऊस निसर्गाचा, पण विसर्ग माणसाचा. या दोन शक्ती एकाच चौकटीत आलेल्या असताना आपण नाव मात्र एकीचेच छापतो, आणि दुसरी नामानिराळी राहते.

राधानगरीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून भोगावती नदीवर उभ्या राहिलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशयाची पातळी ठरावीक उंचीवर पोहोचली की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात, आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी बाहेर पडते. ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ या बातमीत त्या रात्री कोणा अधिकाऱ्याने काही ठरवलेले नसते. जे ठरले ते आराखडा करणाऱ्यांनी अनेक दशकांपूर्वी ठरवले. कोयनेचे तसे नाही. तेथे पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडायचे की त्याबरोबर वक्र दरवाजेही उचलायचे, उचलायचे तर किती फुटांनी आणि किती वाजता, हे सर्व पाण्याची आवक, जलाशय परिचालन आराखडा आणि खालच्या नदीची स्थिती पाहून माणसे ठरवतात. आपल्या पानावर ही दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापली तर वाचकाला ती सारखीच दिसतील: काँक्रीट, फेस, तुषार आणि कठड्याशी उभे राहिलेले चार हौशी लोक. एकाबद्दल प्रश्न विचारायचा तो आभाळाला, दुसऱ्याबद्दल जलसंपदा विभागाला, हा फरक कॅमेऱ्याला टिपता येत नाही. तो मजकुरानेच सांगावा लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांवर पोहोचली; तेथे धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस पाण्याखाली होता. त्या दिवसांतली छायाचित्रे आजही डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य वरून काढलेली आहेत: तपकिरी पाण्यात बुडालेली कौलारू छपरे, गच्चीवर अडकलेली माणसे, हेलिकॉप्टरची सावली. पुढे नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे मागे साचणाऱ्या पाण्याच्या फुगवट्यापासून नदीपात्रातल्या बांधकामांपर्यंत सर्व गोष्टींवर खल झाला, मतभेद झाले आणि आजही आहेत. परंतु या वादातली एकही बाजू छायाचित्रांत आली नाही. उंचीवरून पाणी पसरलेले दिसते; ते निळ्या पूररेषेच्या आतल्या घरांत शिरले आहे की लाल रेषेच्या बाहेरच्या, हे दिसत नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. मग तिच्या आत तीन मजली इमारत उभी असेल, तर त्या इमारतीचे छायाचित्र हे पाण्याइतकेच तिला मिळालेल्या परवानगीचेही छायाचित्र ठरते.

माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने आपल्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन आडव्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. २००५ ची रेघ साधारण गल्ल्याच्या उंचीला आहे आणि २०१९ ची शटर गुंडाळले जाते त्या डब्याच्याही वर. दोन्ही रेघांच्या मधल्या भागात रंगाचे पोपडे सुटले आहेत, आणि खालच्या रेघेखाली आता त्याने माल न ठेवता फक्त रिकामे क्रेट रचले आहेत. वरच्या फळीवर वह्या आणि परवान्यांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली असते. पूर ओसरल्यानंतरच्या, कोरड्या दिवसांत काढलेले या भिंतीचे एक छायाचित्र मला हवाई चित्रांच्या पानभर मालिकेपेक्षा जास्त सांगणारे वाटते, कारण त्यात नदीची ताकद फूटपट्टी लावून मोजता येते आणि माणसाने तिच्याशी केलेली तडजोडही दिसते.

हवाई पाहणीची छायाचित्रे हा तर स्वतंत्र विषय आहे. पक्ष कोणताही असो, राज्य कोणतेही असो, मांडणी ठरलेली: हेलिकॉप्टरची खिडकी, खिडकीकडे वळलेला गंभीर चेहरा, मांडीवर नकाशा, आणि काचेपलीकडे अंधूक पाणी. या चित्रात पूर हा पार्श्वभूमीचा पडदा होतो आणि पाहणारा हाच पाहण्याचा विषय होतो. असे छायाचित्र छापूच नये, असे माझे म्हणणे नाही. सत्ता स्वतःला कशी दाखवू इच्छिते याचा तो पुरावाच आहे. मात्र ते सरकारी माहिती यंत्रणेकडून आलेले असेल तर तसे स्पष्ट छापावे. २०१९ मध्ये मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्याचे प्रकार उघड झाले आणि त्यावर रास्त टीका झाली. त्या पिशव्यांची जी छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली, त्यांनी मात्र आपले काम चोख केले. आपत्ती आणि सत्ता दोन्ही एका तांदळाच्या पिशवीवर आलेल्या होत्या.

या बाबतीत एका परदेशी छायाचित्राचा उल्लेख करावासा वाटतो. गांधीजींचे चरख्यामागचे प्रसिद्ध छायाचित्र १९४६ मध्ये टिपणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांचेच ते आहे. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीला महापूर आला आणि केंटकी राज्यातले लुइव्हिल शहर बुडाले. तेथे त्यांनी मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय पूरग्रस्तांचे छायाचित्र घेतले. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात टोपली, अंगात जाड कोट. त्यांच्या डोक्यावर भलामोठा जाहिरात फलक आहे. त्यावर मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब, सोबत कुत्रा, आणि ‘जगातले सर्वोच्च राहणीमान’ अशा अर्थाचा मजकूर. या चित्रात पुराच्या पाण्याचा एक थेंबही नाही. तरीही पूर कोणाला कोठे आणून उभा करतो आणि त्या वेळी भिंतीवर कोणाचे राज्य चालते, हे त्या चौकटीत जितके आहे तितके लाटांच्या छायाचित्रात क्वचितच सापडेल. याच छायाचित्राची पुढची गत मात्र माझ्या तक्रारीला पुष्टी देणारी आहे. मूळ ओळ गळून पडल्यामुळे ते पुढे कित्येक ठिकाणी महामंदीच्या काळातली भाकरीची रांग म्हणून वापरले गेले. पूर पुसला गेला आणि उरली ती नुसती रांग.

याच छायाचित्रकाराने त्याआधी काही महिने मिसुरी नदीवरच्या फोर्ट पेक धरणाचे काम टिपले होते. ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या २३ नोव्हेंबर १९३६ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ त्याच कामाचे आहे. किल्ल्याच्या बुरुजांसारखे काँक्रीट आणि पायथ्याशी ठिपक्याएवढी दोन माणसे! माणसाच्या सामर्थ्याचे इतके देखणे स्तोत्र क्वचितच कोणी छापले असेल. पण आतल्या पानांत धरणावरच्या मजुरांच्या तात्पुरत्या वस्त्या आणि त्यांचे दारूचे गुत्तेही होते, हे विसरता कामा नये. मुखपृष्ठ आणि आतली पाने मिळून ते वार्तांकन पुरे होत होते. आपण अनेकदा मुखपृष्ठावरच थांबतो.

पुराइतकाच हा प्रश्न दुष्काळाच्या छायाचित्रांनाही लागू आहे. एप्रिल-मे महिन्यांत भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र प्रत्येक दैनिकात येते. ती जमीन बहुतेक वेळा शेत नसते. तलावाचा किंवा धरणाचा उघडा पडलेला गाळ असतो, आणि गाळ वाळला की त्याला भेगा पडणारच, मग वर्ष बरे असो वा वाईट. काळी जमीनही दर उन्हाळ्यात भेगाळते. उजनीचे पाणी उतरले की भीमेच्या पात्रातले पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि ते टिपायला कॅमेरे घेतलेल्यांची रीघ लागते. छायाचित्रे सुंदर येतात. भिगवणचे रोहित पक्षी तर त्याहून सुंदर. परंतु ज्या जलाशयाची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळाचे पाणी, तो त्या मृतसाठ्यातही उतरून ‘उणे’ पन्नास टक्क्यांच्याही खाली जातो तेव्हा ते पाणी कालव्याच्या कोणत्या आवर्तनात कोठे गेले, काठावरून कोणाच्या मोटारी ते उचलत होत्या, आणि देवळाभोवतीचे गाव उठून कोठे गेले, हे सांगणारे छायाचित्र शोधावे लागते. गाळाच्या भेगा आणि त्याच काठावरचा हिरवागार ऊस एका चौकटीत घेणे अवघड नाही. त्यासाठी उभे राहण्याची जागा तेवढी बदलावी लागते.

एप्रिल २०१६ मध्ये आमच्या मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. दहा टँकर, प्रत्येकी सुमारे पन्नास हजार लिटर. स्टेशनात उभ्या असलेल्या त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली आणि त्या तत्परतेचे कौतुक योग्यच होते. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडेपर्यंत त्याच्या लाभक्षेत्रात कोणते पीक उभे होते, हे त्या गाडीच्या छायाचित्राशेजारी छापलेले मी तरी पाहिले नाही.

छायाचित्रकारांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. धरणावर गेल्यास पहिली पाटी दिसते ती ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ अशी. सुरक्षेचे कारण समजण्याजोगे आहे, पण तिचा परिणाम असा की दरवाजे उचलणाऱ्या यंत्राचे, तेथे रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे, आवक-विसर्गाच्या नोंदवहीचे छायाचित्र कधी येत नाही. येते ते परवानगी असलेल्या ठिकाणाहून घेतलेले फेसाळत्या पाण्याचे. सत्तेचे दालन बंद राहते आणि निसर्गाचे तेवढे उघडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, आणि जलाशयात साठवलेल्या पाण्यामुळे असे भूकंप होऊ शकतात का, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेलाच प्रमुख उदाहरण मानले. पडलेल्या घरांच्या छायाचित्रात या प्रश्नाला जागाच नाही. पाठीमागचे पाणी चौकटीबाहेर राहते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दाखवायचे ते ठसठशीत व्हावे म्हणून चौकटीत हात घालण्याचा मोह वाईट. १९३६ मध्ये अमेरिकी सरकारसाठी दुष्काळ टिपणाऱ्या आर्थर रॉथस्टाइन यांनी गुराची एक कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या जागी तिचे फोटो घेतले. निवडणुकीचे वर्ष होते. विरोधी वृत्तपत्रांनी त्यावरून रान उठवले आणि खरा असलेला दुष्काळही खोटा ठरवण्याची संधी त्यांना मिळाली. आज तर कवटी हलवण्याचीही गरज उरलेली नाही. दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच वर्षीचा पूर आमच्या मोबाइलवर ‘आत्ताचा’ म्हणून येतो, आणि तो खोटा आहे हे कळेपर्यंत चार गल्ल्यांतली माणसे सामान आवरू लागलेली असतात.

म्हणून आपणांस विनंती अशी की धरणाच्या प्रत्येक छायाचित्राखाली धरणाचे नाव, दिनांक आणि वेळ, किती दरवाजे किती फुटांनी उचलले, विसर्ग किती क्युसेक आणि ते छायाचित्र आपल्या प्रतिनिधीचे की विभागाने दिलेले, एवढे छापावे. दोन ओळींत बसते. ज्या ठिकाणचा पूर छापला, त्याच ठिकाणाहून, त्याच दिशेने, पाणी ओसरल्यावर आणि पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात एकेक छायाचित्र घ्यावे. आयर्विन पूल, पंचगंगा घाट आणि चिपळूणची बाजारपेठ ही तीन ठिकाणे सुरुवातीला पुरेशी आहेत.

शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे आणि निवृत्त वृत्तछायाचित्रकारांकडे पडून असलेल्या निगेटिव्हजचा विचार व्हावा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, त्या दिवसाची आज उपलब्ध असलेली चित्रे अशाच कोणी कोणी जपलेली आहेत. त्यांतही पेठांमधले पाणी दिसते. अपुऱ्या बांधकामाच्या धरणात पावसाळ्याचे पाणी साठत गेले ते आधीचे दिवस फारसे दिसत नाहीत. दमट कपाटांतल्या फिल्मला बुरशी लागते, आणि स्टुडिओ बंद करताना नव्या पिढीला डब्यावरचे अक्षर लागत नाही. आपल्या जिल्हा कार्यालयांनी वाचकांना आवाहन करून अशा निगेटिव्हज स्कॅन करून घेतल्या, आणि स्कॅन करताना मालकाला शेजारी बसवून जागा, वर्ष आणि प्रसंग लिहून घेतला, तर येत्या पावसाळ्याआधी एका जिल्ह्याचे काम नक्की होईल. मिरज-सांगलीकडे हे काम सुरू करायचे ठरल्यास नोंदी लिहून घेण्यासाठी मी येण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, मिरज