मा. वनमंत्र्यांना खुले पत्र : आम्हाला वाटाड्या द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि सोलापूरजवळचं नान्नज माळढोक अभयारण्य इथे स्थानिक वाटाडे बारमाही मानधनावर नेमण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी सोलापूरची. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मी घरी शिवणकाम करते, दोन मुलं शाळेत आणि घरात सासूबाई. आमची सहल म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही पाचहीजण पहिल्यांदाच नुसतं जंगल बघायला म्हणून घराबाहेर पडलो. चांदोली राष्ट्रीय उद्यानात एक दिवस काढला. त्या दिवसामुळेच हे पत्र लिहिते आहे.

मंगळवेढा, सांगोला, मिरज करत रात्री शिराळ्याला नणंदेकडे पोचलो. पहाटे कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे बांधून घेतले आणि कोकरूड, आरळा करत मणदूर गाठलं. वारणेवर धुकं होतं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात हेच माहीत नसतं. धाकटा खिडकीला नाक लावून बसला होता, त्याने एकदाही मोबाइल मागितला नाही.

नाक्यावर आमच्यासोबत एक वाटाडे आले. चाळिशीचे असतील. सुरुवातीला मला वाटलं, हे पुढं चालतील आणि आम्ही मागं, एवढंच. पण गाडीतून उतरून सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ सपाटीकडे, चालायला लागलो आणि दहा पावलांवर ते थांबले. "ताई, हितं बगा." वारूळ फोडलेलं होतं. अस्वलाचं काम. पुढं गव्याचं शेण, अजून ओलं. मग मान वर करायला लावली. झाडाच्या शेंड्यावर काटक्या-पानांचा गोळा, ते शेकरूचं घरटं. आपला राज्यप्राणी शेकरू हे मुलीने पुस्तकात पाठ केलं होतं, पण तो घर कुठं बांधतो ते तिला त्या दिवशी कळलं. शेकरू काही दिसलं नाही. गवा लांबून दिसला, वाघ अर्थातच नाही. तरीही मुलं परतीच्या वाटेवर भांडत होती ती कोणी जास्त पाहिलं यावरून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्राणी दिसणं नशिबावर असतं, पण त्याच्या खुणा रोज असतात. फक्त त्या दाखवणारा माणूस लागतो.

मुलाने विचारलं, "आपला पाऊस हाच डोंगर अडवतो का?" शाळेत पर्जन्यछाया शिकवतात. आमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि इथे त्याच्या कितीतरी पट. वाटाडे म्हणाले, "अडवतोय खरं, पण ठेवून घेत न्हाई. ही वारणा हरिपूरला कृष्णेत जाती. तुमची भीमा बी फुडं कर्नाटकात कृष्णेलाच मिळती न्हवं? मग पानी एकच झालं की." पोरगं विचारात पडलं. भूगोलाच्या तासाला इतका वेळ ते कधी गप्प बसलं नसेल.

एका ठिकाणी उतारावर मोकळं गवत होतं, पायऱ्यापायऱ्यांचं. कडेला दगडी जोती, मोडका चौथरा आणि जुने आंबे. सासूबाई तिथंच थबकल्या. त्या खेड्यात वाढलेल्या, त्यांना सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "ही भाताची खाचरं हुती. हितं गाव हुतं." वाटाडे जरा वेळाने बोलले. असंच एक गाव त्यांचंही, याच जंगलात. १९८५ साली हे अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे जंगल जागतिक वारशात गेलं. आम्ही ही सालं अभिमानाने वाचतो. त्यांच्या घरच्यांनी मात्र मधल्याच कुठल्यातरी वर्षी भांडीकुंडी आणि देव उचलून खाली सपाटीला मुक्काम हलवला. ते तेव्हा शाळेत होते. आता खाचरांत गवत वाढतं आणि त्यावर गवे चरतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवून सांगत होते.

मग सासूबाई सांगायला लागल्या. त्यांचं माहेर मार्डी, नान्नजजवळ. लहानपणी शेतात, माळावर माळढोक पक्षी दिसायचा, मान ताठ करून पाटलासारखा चालायचा म्हणे. वर्षाला एखादंच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, म्हणून गुरं राखणाऱ्या पोरांना वडीलधारे दटावायचे, तिकडं जाऊ नका. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर! गावंच्या गावं, शहरं, बागायती, सगळं त्यात. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण मधली कितीतरी वर्षं आमच्या भागातल्या शेतकऱ्याला अभयारण्य म्हणजे परवानगीचे हेलपाटे, एवढंच ठाऊक होतं. ज्या पक्ष्यासाठी हे सगळं, तो त्यांच्या पोरांना कोणी नेऊन दाखवला नाही. आज जगातले रानातले माळढोक दोनशेही उरलेले नाहीत, आणि नान्नजच्या माळावर तो दिसणं म्हणजे नवल. माझ्या मुलांनी पाहिलेला नाही. मीही नाही.

महोदय, एकाचं गाव जंगलासाठी गेलं आणि एकीच्या बापाची जमीन पक्ष्यासाठी अडकली. ही दोन माणसं त्या आंब्याखाली बसून आमची भाकरी वाटून खात होती. मी तेव्हाच ठरवलं की हे तुम्हाला लिहायचं.

माझी मागणी एकच आहे. जंगलात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबासोबत पायी चालणारा वाटाड्या असावा, तो तिथल्याच विस्थापित गावांतला असावा, आणि त्याला बारा महिन्यांचं मानधन मिळावं. पावसाळ्यात उद्यान जवळपास चार महिने बंद असतं. ते बरोबरच आहे, जंगलाला विसावा हवा. पण त्या महिन्यांत पर्यटकच नसतील तर या माणसांनी काय करावं? रोजंदारीला गेलेला हुशार माणूस ऑक्टोबरात परत येईलच असं नाही, आणि त्याच्यासोबत जंगलाची माहितीही जाते. ती कुठल्या फलकावर लिहिलेली नाही.

बंदच्या काळात त्यांना आमच्याकडे पाठवा. सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या जिल्हा परिषद शाळांत दोन-दोन तास बोलू द्या. एक शेकरूचं घरटं, एक गव्याच्या पायाचा ठसा, एवढं सामान पुरे. आणि हीच सोय नान्नजलाही करा. मार्डी, अकोलेकाटी, वडाळा इथली तरुण मुलं माळरान ओळखतात. काळवीट कुठं बसतं, लांडगा कुठून येतो, त्यांना शिकवावं लागणार नाही. त्यांना गणवेश द्या, प्रशिक्षण द्या, वेळेवर पैसे द्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका डोंगरावर गेलो होतो. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तिथे वाट दाखवणारं कोणी नव्हतं. लोक स्पीकर लावून नाचत होते, माकडांना वेफर्स घालत होते, आणि माझ्याही मुलांनी घातले. मी त्यांना अडवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या लोकांना वाईट म्हणायला माझी जीभ उचलत नाही. चांदोलीत आमच्याच मुलांनी चॉकलेटचे कागद खिशात घालून सोलापूरपर्यंत आणले. मुलं तीच होती. फरक त्या एका माणसाचा.

निघताना वाटाड्यांनी सासूबाईंना विचारलं, "आज्जी, माळरान कसं असतंय ओ? म्या कधी बगितलंच न्हाई." सह्याद्रीत जन्मलेल्या माणसाने डोळ्यांच्या टप्प्यात एकही डोंगर नसलेली जमीन निवांत फिरून पाहिली नव्हती. सासूबाईंनी त्यांना घरचा पत्ता दिला आहे. ज्वारी पोटऱ्यात आली की या म्हणाल्या, मार्डीच्या माळावर मी नेते. त्यांचे गुडघे दुखतात, पण रोज सकाळी गच्चीत चालण्याचा सराव सुरू केला आहे.

आपली,
सोलापूरची एक नागरिक