बंद बॉयलर अर्धा भरलेला ठेवू नये

मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य यांस,

विषय : हीटिंगचा स्टीम बॉयलर मोसमाबाहेर बंद ठेवण्याबाबत

महोदय,

मोसम संपला की बॉयलरमधलं थोडं पाणी सोडून द्यायचं आणि बाकीचं तसंच राहू द्यायचं, असा समितीचा विचार असल्याचं सूचनाफलकावरून कळलं. कृपया तसं करू नये. बॉयलर काठोकाठ भरून ठेवावा, नाहीतर पूर्ण कोरडा करावा. अर्धवट पाण्यात वरचा पत्रा दमट हवेत राहतो आणि पाण्याच्या रेषेवर हवेतला प्राणवायू सतत विरघळत राहतो. तिथला गंज सारखा पसरत नाही, तो एकेका जागी खड्डा पाडत खोल जातो. गळती सुरू होईपर्यंत बाहेरून काही दिसत नाही.

पुढच्या मोसमात बॉयलर लावायचाच आहे आणि बॉयलर खोलीत पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून आमचं मत भरून ठेवण्याकडे आहे. आधी तळाच्या ड्रेन कॉकमधून गाळ काढावा. मग वरचा हवेचा कॉक उघडा ठेवून स्टीम पाइपच्या गळ्यापर्यंत, म्हणजे पाइप बॉयलरमधून बाहेर पडतो तिथपर्यंत, पाणी भरावं. मेन स्टीम व्हॉल्व्ह असेल तर तो बंद हवा. नसेल तर गळ्याच्या वर जाऊ नये, कारण पाइपांचे हँगर वाफेसाठी असतात, पाण्याच्या वजनासाठी नव्हे.

२५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि १ मिलिग्रॅम प्राणवायू संपवायला साधारण ८ मिलिग्रॅम सोडियम सल्फाइट लागतं. म्हणजे ६५ मिलिग्रॅम तर लगेच खर्च होतं. म्हणून लिटरमागे २०० मिलिग्रॅम टाकावं; १००० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. पीएच ११ च्या आसपास येईल इतका कॉस्टिक सोडाही द्यावा. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच.

यानंतर बर्नर लावून पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापवावं. वाफ धरू देऊ नये. विरघळलेली हवा वरच्या कॉकमधून निघून जाते. नुसतं थंड पाणी भरून मोकळं होणं म्हणजे ताजा प्राणवायू आत कोंडणं. थंड होताना पाणी सुमारे ३ टक्के आकसतं, तेव्हा पातळी उतरली म्हणून गळतीची ओरड करू नये. तेवढं औषध घातलेलं पाणी पुन्हा भरून कॉक बंद करावा.

आपोआप पाणी घेणाऱ्या फीडरचा व्हॉल्व्ह मात्र बंदच हवा. तो चालू राहिला तर गळती झाकली जाते आणि दर वेळी नवं, हवा असलेलं पाणी आत येतं. पातळी गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, दिसत असेल तर खूण करून महिन्यातून एकदा पाहावी. बॉयलर काचेच्या वर भरलेला असेल तर जमिनीवरची ओल तपासावी.

धुराच्या बाजूची काजळी ब्रशने काढणं दरवर्षी राहून जातं. इंधनात गंधक असेल तर त्या काजळीत आणि दमट हवेत आम्ल तयार होतं, आणि पाण्याची बाजू कितीही जपली तरी पत्रा बाहेरून खाल्ला जातो.

बॉयलर वर्षभर बंदच राहणार असेल तर कोरडी पद्धत घ्यावी. पूर्ण रिकामा करून गरम हवेने सुकवावा, ओल शोषून घ्यायला आत दर घनमीटरला सुमारे १ किलो कळीचा चुना किंवा ३ किलोच्या आतबाहेर सिलिका जेल ट्रेमध्ये ठेवून झाकणं घट्ट बंद करावीत. चुना फुगतो, म्हणून ट्रे अर्धाच भरावा. दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावं.

दोन्ही पद्धतींत बर्नरच्या स्विचला कुलूप आणि ठळक पाटी लावावी. कोरडा बॉयलर पेटला तर तडकतो. गळ्यापर्यंत भरलेला पेटला तर पाणी पाइपांत ढकललं जातं आणि लाइनमध्ये हातोड्यासारखे ठोके बसतात. मोसमाआधी ट्रे काढून किंवा पाणी सोडून पातळी गेज ग्लासच्या मध्यावर आणावी. मग कमी पाण्यावर बर्नर बंद करणारा कटऑफ आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासूनच आग लावावी.

कामाच्या दिवशी आमच्यापैकी एक जण खोलीत हजर राहील. तारीख कळवावी.

आपले,
सोसायटीचे काही सभासद