फुरशाच्या विषाने रक्त 'पातळ' होत नाही

माननीय संपादक,
स. न.

पावसाळ्यात आपल्या अंकात फुरसे चावल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेकींत 'विषाने रक्त पातळ झाले' असे छापलेले असते. आमच्या राजापूरच्या सड्यावरही (जांभ्या खडकाच्या पठारावर) लोक तसेच म्हणतात. सुरुवात मात्र नेमकी उलटी, रक्त गोठण्यापासून होते.

जखम झाली की रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाचे थ्रॉम्बिन होते, तेही जखमेपुरते. हे विकर (एन्झाइम) रक्तातल्याच फायब्रिनोजेन या प्रथिनाचे रक्त गोठवणारे धागे करते आणि प्लेटलेट्सना कामाला लावते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचे टोक थ्रॉम्बिन कापते. उघडे पडलेले नवे टोक वळून त्याच प्रथिनाला चिकटते. कळ दाबणारे बोट कळीलाच जोडलेले असावे, तसा हा प्रकार! १९९१ साली तो उलगडला. मग प्लेटलेट आकार बदलते, चिकट होते आणि आतली रसायने सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावते.

फुरशाच्या विषातले एकॅरिन हे विकर जखमेची वाट बघत नाही. वाहत्या रक्तातच ते प्रोथ्रॉम्बिनला चालना देते. फायब्रिनोजेन असे फुकट खर्ची पडते, आणि मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून रक्त थांबत नाही. अशा माणसाला ब्लेडने चिरा देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुखते म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन देणेही तितकेच वाईट. ती प्लेटलेट्सची उरलीसुरली ताकद काढून घेते. प्लेटलेट्सचा आकडा ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण धागाच नसेल तर नुसत्या प्लेटलेट्स काय करणार?

प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे एक मागणी करतो. रक्त गोठते की नाही हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतले दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळले तर ते गोठत नाही, प्रतिविषाची गरज आहे. नळी काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकने तशी होत नाही. साबणाने धुतलेली नळीही दगा देते. आता सगळीकडे प्लॅस्टिकच्याच नळ्या येतात. सड्यालगतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा पोहोचवावा. खर्च किरकोळ आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राजापूर तालुका