बंबाला धुराडं होतं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत आणि आई मध्येच "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. बाबा, निकाल आधी सांगून टाकते: गॅरेजात गॅसचा हीटर बसवायचा नाही. आता कारणं वाचा, मग भांडा.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात इकडे मिनिआपोलिसला आला होतात, तेव्हा आमच्या गॅरेजच्या आढ्याला टांगलेल्या हीटरखाली हात मागे बांधून उभे राहायचात. "मोटारीला शेगडी! काय श्रीमंती!" असं आई म्हणाली होती. तुम्ही मात्र स्टुलावर चढून त्याचं लेबल वहीत उतरवून घेतलंत: ताशी 45,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). तो आकडा पुण्याला नेलात, पण त्यामागचा हिशेब इथेच राहिला. 45,000 बीटीयू म्हणजे साधारण 13 किलोवॅट. बाथरूममधले 3 किलोवॅटचे विजेचे इन्स्टंट गिझर चारपेक्षा जास्त एका वेळी चालू ठेवल्यासारखं. आमचं गॅरेज 24 फूट बाय 24 फूट, भिंतींत आणि दारात थंडी अडवणारा थर भरलेला. बाहेर उणे 25 असताना आत 10 अंश ठेवायचे, म्हणजे 35 अंशांची चढण. इथल्या एका विक्रेत्याने मला 75,000 बीटीयूचा हीटर गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. मोठा घेतला की तो दोन मिनिटं धडधडतो, बंद पडतो, पुन्हा पेटतो, आणि यंत्र लवकर झिजतं. म्हणून आकार ठरवताना खोली किती मोठी यापेक्षा आत-बाहेर फरक किती आणि उष्णता कुठून निसटते हे आधी बघायचं.

तुमचं सुतारकामाचं गॅरेज 10 फूट बाय 16 फूट. शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली गेला की कर्वेनगरातही सकाळी रंधा हातात धरवत नाही, मान्य. पण तुम्हाला आठ-दहा अंशांचीच चढण हवी, तीही वर्षातल्या फार तर महिनाभर सकाळी. शिवाय तुमच्या शटरखाली मांजर जाईल एवढी फट आहे (जातंच ते). आधी त्या फटीला रबराची पट्टी लावा. बोहरी आळीत मिळेल.

आता खरा मुद्दा. आजीकडे दोन वस्तू होत्या, आठवतात? कोळशाची शेगडी आणि तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब. शेगडी बाळंतिणीच्या खोलीत आणली की आजी खिडकीचं एक दार किलकिलं ठेवायची, कितीही गारठा असला तरी. काकू कुरकुरायची, आजी ऐकायची नाही. बंबाची गोष्टच वेगळी. त्याच्या पोटातून उभी नळी वर गेलेली, धूर त्या नळीतून आभाळात. पाणी तापलं, पण धुराचा आणि आपला संबंध नाही. गॅसच्या हीटरांतही हीच दोन घराणी आहेत. आमचा आढ्याला टांगलेला बंबाच्या घराण्यातला. जळलेला वायू नळीतून छपराबाहेर जातो. त्याहून चांगल्या जातीत दुहेरी नळी असते, ज्योतीला लागणारी हवासुद्धा बाहेरूनच येते आणि ज्योत बंद पेटीत राहते. तुमचा तो फिटर दाखवतो आहे तो बिननळीचा, म्हणजे शेगडी. भिंतीवर टांगलेली, दिसायला झकास, पण शेगडीच.

तो म्हणतो, "काका, नॅचरल गॅस एकदम क्लीन जळतो." जळतो, खोटं नाही. पण जळून होतं काय? आई, हे तू दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहायचीस: मिथेन आणि ऑक्सिजन, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं. बाबा, ते पाणी बसणार कुठे? थंड पत्र्यावर, आणि तुमच्या रंध्यांवर, पटाशांवर. कागदात गुंडाळून, तेल लावून ठेवलेल्या त्या पटाशांना एका हिवाळ्यात गंज चढेल.

आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. "वास आला की कळेल ना," असं तुम्ही फोनवर म्हणालात. नाही कळणार! पाइपातल्या गॅसलाही मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो, आणि ज्योतीत तो जळून जातो. मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बिननळीच्या चांगल्या हीटरांत हवेतला ऑक्सिजन 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस तोडणारी कळ असते. तरीही कॅलिफोर्नियात असले हीटर घरात लावायला बंदी आहे. फिटरला त्या कळीबद्दल विचारा. त्याला माहीत नसेल तर त्याला चहा देऊन वाटेला लावा.

तिसरं कारण तुमच्या फळीवर मांडलेलं आहे: स्पिरिट, थिनर, पॉलिशचे डबे, आणि स्कूटरची टाकी. पेट्रोलची आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणूनच इथे गॅरेजात ठिणगी किंवा ज्योत असलेली कुठलीही वस्तू जमिनीपासून निदान 18 इंच उंच बसवावी लागते. तो फिटर तर तुमच्या गुडघ्याच्याही खाली, भुशाच्या पोत्याशेजारी खिळे ठोकायला निघाला होता.

"सिलिंडरवरपण चालेल" हे त्याचं वाक्य तर मी वहीत लिहून ठेवलंय. सिलिंडरचा गॅस शेगडीला 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपाचा 21ने, आणि दोन्हींची ताकदही वेगळी. म्हणून जेटची, म्हणजे बर्नरात गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं वेगळी असतात. पाइपासाठी बनवलेल्या जेटला सिलिंडर जोडलात तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी. आणि मीटरनंतरची लाईन वाढवायची असली तरी ते काम गॅस कंपनीच्याच माणसाने करायचं, कोपऱ्यावरच्या प्लंबरने नाही.

दुहेरी नळीचा आणून बसवता येईल का? येईल. पण महिनाभराच्या थंडीसाठी भिंतीला भोक, परदेशातून यंत्र, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? त्यापेक्षा तेल भरलेला विजेचा रेडिएटर घ्या, 1 किलोवॅटचा. रोज तीन तास चालवलात तर तीन युनिट. त्यात ज्योत नाही. तरी डबे त्याच्यापासून लांब, घराबाहेरच्या लोखंडी कपाटात ठेवा, आणि पॉलिशचं काम दुपारी शटर उघडून करा.

बाबा, हे सगळं लिहिताना मला तुमच्या गॅरेजपेक्षा दुसऱ्याच जागेची धास्ती वाटत होती. आई, आता तुझ्याशी बोलते. दिवाळीत आले होते तेव्हा मी तुमच्या बाथरूममध्ये अंघोळ केली. गॅसचा गिझर आतच, दारामागे, डोक्याएवढ्या उंचीवर. त्याच्या छोट्या काचेतून ज्योत दिसते, ती निळी नव्हती, टोकाला नारिंगी होती. वरच्या टाइलवर बोटभर काळा पट्टा. आणि खिडकीच्या काचपट्ट्यांमध्ये जुन्या पेपराच्या घड्या ठासून बसवलेल्या, वारा येऊ नये म्हणून. तेव्हा मला काहीच सुचलं नाही, मी केस पुसत बाहेर आले. परवा तू म्हणालीस, "अंघोळीनंतर डोकं जड होतं, मळमळतं, पित्त वाढलंय." आई, ते पित्त नसून गिझरचा मोनॉक्साइड असू शकतो. तू पंचवीस वर्षं ते समीकरण शिकवलंस! गुरुवारी केस धुतेस तेव्हा वीस मिनिटं आत असतेस, आणि गुरुवारीच जास्त होतं, हेही तूच सांगितलंस.

तेव्हा आजपासून तो गिझर बंद. त्या पेपराच्या घड्या काढा. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवा, बाबा बादली उचलून देतील, त्यांना तेवढा व्यायाम चालेल. डॉक्टरांकडे गेलात की पित्ताबरोबर गिझरचंही सांगा, विसरू नका. मी कंपनीच्या ऑफिसात फोन करून शनिवारची वेळ मागितली आहे. गिझर मागच्या उघड्या बाल्कनीत जाईल, फक्त गरम पाण्याची नळी आत येईल. बर्नर साफ करून ज्योत निळी झालेली दोघांनी उभं राहून बघा.

मोनॉक्साइडचा अलार्म मी मागवलाय, मंगळवारपर्यंत येईल. इथे मिनेसोटात झोपायच्या खोलीपासून 10 फुटांच्या आत तो लावावाच लागतो, तुम्हीही पॅसेजमध्ये, तुमच्या दाराजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म ही वेगळी वस्तू, एक घेतला म्हणजे दुसरा झाला असं नाही. पाइपाचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून तो अलार्म छताजवळ लागतो. बाबा, तुम्ही खाली लावाल, सिलिंडरची सवय आहे म्हणून आधीच सांगते.

आणि माळ्यावरचा बंब अजून आहे ना? मोडीत देऊ नका. मे महिन्यात आले की तळाला डाख लावून आणू.

तुमची,
मनू